दोन पळ्या आमटी

साडूसाडूंनी मिळून काही विकत घेऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण लिहायला हवं होतं. आम्ही दोघांनी ट्रेलर घेतला. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तेव्हा आम्ही टेक्सासात अर्विंगला दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहत होतो. ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून ओढत न्यायचं छोटं घर. आत पलंग, गॅसची शेगडी, स्टीलचं सिंक, आणि इतका अरुंद संडास की कुठल्या तोंडाने बसायचं ते बाहेरच ठरवून आत शिरावं लागे. एका निवृत्त अमेरिकन जोडप्याने तो आम्हाला विकला. किल्ली देताना म्हातारा म्हणाला, "आधी ब्रेक कंट्रोलर बसवा. नाहीतर तुम्ही घराला ओढणार नाही, घर तुम्हाला ढकलत नेईल."

भांडणाची सुरुवात तिथून झाली.

ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे, विजेवर चालणारे ब्रेक असतात. पण पुढच्या गाडीने ब्रेक दाबला ही बातमी त्यांना कुणीतरी पोचवावी लागते. ते काम स्टिअरिंगखाली बसवायच्या एका डबीचं. दुकानात दोन तऱ्हेच्या डब्या होत्या. एकीच्या पोटात लंबक होता. गाडी मंदावली की लंबक पुढे झुकायचा, आणि जितका झुकेल तितका ट्रेलरला ब्रेक लागायचा. दुसरीत टायमर होता. पाय ब्रेकवर पडला की ती ठरलेल्या वेगाने वीज वाढवत न्यायची, मग तुम्ही ब्रेक हळू दाबा नाहीतर जोरात. दुकानदाराने डोक्यावरची हॅटही न हलवता सांगितलं, "दोन्ही चालतात. कुठलीही न्या." दोन इंजिनिअरांना याहून वाईट उत्तर देता येत नाही.

मी पुलांचा इंजिनिअर. लंब, तोल, गुरुत्वाकर्षण यांच्यावर माझी श्रद्धा. साडू इलेक्ट्रॉनिक्सवाला. लंबक म्हटलं की त्याला आजोबांच्या भिंतीवरचं घड्याळ आठवायचं.

"साडूभाऊ, खड्ड्यातून गेलात की तुमचा लंबक नाचणार," तो म्हणायचा.

"आणि तुमच्या टायमरला मुंगी आडवी आली की ट्रक आडवा आला, यातला फरक कळणार नाही," मी म्हणायचो.

मराठी मंडळींच्या जेवणांत हा वाद आम्ही भातापासून ताकापर्यंत चालवायचो. एकदा बायकोचा संयम संपला. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा चहा निवायच्या आत हो म्हणालात. एका डबीला मात्र महिना लागतोय."

मेहुणी म्हणाली, "ताई, तेव्हा वस्तू परत करायची सोय नव्हती ना, म्हणून उरकलं त्यांनी."

सगळे हसले. पण त्या टोमण्यातून आम्हाला मार्ग सापडला. अमेरिकेत वस्तू परत करता येते! दोघांनी एकेक डबी आणायची, दोन्हींची परीक्षा घ्यायची, हरेल ती दुकानात परत. साडूने दोन्हींच्या तारांना सारखे प्लग लावले. एक काढून दुसरी लावायला मग चहा करायला लागतो तितकाच वेळ लागायचा. परीक्षक कोण, हा प्रश्नच नव्हता. घरात अण्णा होते.

अण्णा म्हणजे आमचे सासरे. उन्हाळ्यासाठी भारतातून आलेले. आयुष्यभर शाळा तपासनीस होते, आणि निवृत्त झाल्यावरही तपासणं थांबलं नव्हतं. अमेरिकेत उतरल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या घराच्या खिडक्यांच्या कड्या तपासल्या. त्यांचं ब्लडप्रेशर वर होतं. माझी बायको आणि मेहुणी एरवी कशावरही एकमत करत नसत, पण अण्णांना मीठ द्यायचं नाही यावर दोघींची घट्ट युती झाली होती. त्यांच्या ताटात बिनमिठाचं वरण आणि उकडलेला भोपळा असे. आमच्या ताटांकडे ते बघत. तक्रार करत नसत, नुसतं बघत.

जावयांमध्ये त्यांचा धाकट्यावर जीव होता. आल्याआल्या धाकट्याने त्यांचा मुका झालेला ट्रान्झिस्टर बोलता करून दिला. मी त्यांना मी डिझाइन केलेला पूल दाखवायला नेलं. अण्णांनी कठड्यावरून वाकून खाली पाहिलं आणि विचारलं, "नदी कुठाय?" नदी नव्हती. हायवेवरून हायवे जात होता. "मग पूल कशाला म्हणायचं?" असं म्हणून ते गाडीत जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी माझ्या कामाविषयी काही विचारलं नाही. आता हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. ऐंशीच्या दशकाचा तो मधला काळ. तेलाचे भाव पडले होते, आणि साडूची कंपनी तेलविहिरींची उपकरणं बनवायची. ती बसली. साडूची नोकरी गेली. अण्णांना हे सांगितलेलं नव्हतं. रोज सकाळी साडू टाय लावून, ब्रीफकेस घेऊन बाहेर पडायचा आणि पब्लिक लायब्ररीत जाऊन बसायचा. अर्ज लिहून झाले की उरलेल्या वेळात त्याने ट्रेलरच्या ब्रेकवर मिळेल ते सगळं वाचून काढलं होतं. त्या विषयात त्याच्याइतकं त्या वेळी अख्ख्या अर्विंगमध्ये कुणाला कळत नसावं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मेहुणी आमच्या स्वयंपाकघरात आली. अण्णा बाहेर फिरायला गेलेले बघून मला म्हणाली, "भावोजी, एक मागू? उद्या यांची डबी जिंकू दे ना."

"अगं, प्रयोग आहे तो. मी काय करणार?"

"काही करू नका. फक्त हट्ट नका धरू. घरी आले की बोलतच नाहीत हल्ली. अण्णांसमोर एकदा तरी यांचं म्हणणं खरं ठरू दे. मग कदाचित नोकरीचंही सांगतील ते अण्णांना."

मी मान हलवली. माणसाला मान हलवायला फार सोपं असतं.

रविवारी सकाळी मॉलचं पार्किंग रिकामं असतं. आम्ही तिथे ट्रेलर नेला. परीक्षेचं साहित्य होतं चिंचगुळाची आमटी. पाण्याने परीक्षा घ्यावी असं मी सुचवलं होतं. साडू म्हणाला, "प्रवासात आपण पाणी सांडणार आहोत की आमटी?" मुद्दा बिनतोड होता, शिवाय नंतर तिथेच जेवायचं ठरलं होतं. गालिचा खराब होऊ नये म्हणून पातेलं सिंकमध्ये ठेवायचं, अशी मेहुणीची अट. म्हणजे जे सांडेल ते मोरीतून जाणार. अण्णा ट्रेलरमध्ये पातेल्याशेजारी उभे राहणार आणि फूटपट्टीने फेरीआधी एकदा नि फेरीनंतर एकदा खोली मोजणार. ज्या डबीच्या फेरीत आमटी कमी उतरेल ती डबी जिंकली. फूटपट्टी त्यांनी भारतातून बरोबर आणली होती. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

पहिली फेरी माझ्या लंबकाची. मी गाडी चालवत होतो, शेजारी साडू. ठरलेल्या दिव्याच्या खांबाशी आलो की ब्रेक. असं काही वेळा केलं. फेरी संपल्यावर अण्णा दारात आले आणि वर्गाचा निकाल सांगावा तसं म्हणाले, "पाऊण इंच."

साडूने डबी बदलायला घेतली. तो गाडीत आडवा झालेला, पाय बाहेर. बायका सावलीत चटई पसरत होत्या. पातेल्यात भर घालायचं काम माझ्याकडे आलं. डब्यातल्या आमटीने पातेलं आधी होतं तितकं भरायचं. मी तितकं भरलं.

मग आणखी दोन पळ्या घातल्या.

का घातल्या? इतकी वर्षं मी स्वतःला वेगवेगळी उत्तरं दिली. अंदाज चुकला. घाई होती. पळी मोठी होती. खरं उत्तर एवढंच आहे, की काठोकाठ भरलेलं पातेलं जास्त सांडतं हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, आणि "नदी कुठाय?" हे शब्द माझ्या कानात अजून वाजत होते. मेहुणीला मान हलवून पुरता दिवसही झाला नव्हता.

पळी खाली ठेवून वर बघितलं तर अण्णा. हातात फूटपट्टी, नजर पातेल्यावर. मग माझ्यावर. मी हसलो. चोरी पकडल्यावर पोरं हसतात तसं. अण्णाही किंचित हसले. मी खाली उतरलो. आता हे सगळ्यांना सांगणार, असं वाटलं. त्यांनी काही सांगितलं नाही. दार लावून घेतलं.

टायमरची फेरी उत्तम झाली. म्हणजे मला तरी झटका जाणवला नाही. साडू तर खुशीत होता. "बघितलंत? लोण्यासारखं," म्हणाला. कितीतरी दिवसांनी मी त्याचे दात बघितले.

ट्रेलरचं दार उघडलं. अण्णांनी पट्टी रुमालाला पुसली. "दोन इंच."

साडू जागीच थांबला. "अण्णा, नक्की?"

"पट्टी खोटं बोलत नाही."

"नाही नाही, तसं नाही म्हणायचं मला." त्याने डबी काढली, खोक्यात ठेवली, खोक्याची झाकणं एकमेकांत नीट अडकवली. "प्रयोग आहे. लागला तो निकाल."

जेवायला बसलो तर आमटी कमी पडली. "एवढी सांडली?" बायको पातेल्यात बघत म्हणाली. मेहुणी माझ्याकडे बघत होती. अण्णांनी बिनमिठाच्या वरणाला हात लावला नाही. म्हणाले, "भूक नाही." दोन्ही मुली घाबरल्या. घरी गेल्यावर त्यांचं ब्लडप्रेशर मोजलं गेलं, आणि ते नेहमीपेक्षा वर निघालं. दगदग झाली, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी साडू टाय न लावता गॅरेजमध्ये बसून राहिला. रजा घेतलीय, असं अण्णांना सांगितलं.

आठवड्याभराने सगळे कोलोरॅडोला निघालो. माझी स्टेशन वॅगन, तिच्या स्टिअरिंगखाली माझी विजयी डबी, शेजारी साडू, मागे अण्णा, बायका, सगळ्यात मागे दोन्ही घरांची पोरं. लंबकाची डबी बसवल्यावर ती जमिनीला समांतर करून घ्यावी लागते. मी ते माझ्या घरासमोर, पाणसळ लावून, शास्त्रशुद्ध केलं होतं. टेक्सासच्या सपाटीवर मात्र ट्रेलरचे ब्रेक झोपल्यासारखे लागत होते. मी जोर वाढवायची गुंडी पिळली. थोड्या वेळाने आणखी पिळली. साडू खिडकीबाहेर बघत होता. हरलेल्या माणसाने सल्ला देऊ नये, असं त्याने ठरवलं असावं.

न्यू मेक्सिकोतून कोलोरॅडोत उतरणारा एक घाट आहे. त्या उतारावर गाडीचं नाक खाली झालं, लंबक आपोआप पुढे झुकला, आणि पिळून ठेवलेल्या गुंडीने आपला सगळा जोर दाखवला. मी ब्रेकला नुसतं बोट लावावं तसा पाय लावला तरी मागून ट्रेलर गाडीला हिसडा देई. आत भांडी आदळत होती. चार-पाच हिसड्यांनंतर जळका वास आला, आणि मग अचानक हिसडे थांबले. ब्रेक तापून निकामी होत होते. घर आम्हाला ढकलायला लागलं. म्हाताऱ्याने सांगितलं होतं तसं.

मागे पोरांनी सीटच्या पाठी घट्ट धरल्या होत्या. मी ब्रेक आणखी दाबला.

"सेकंडला टाका," साडू अगदी साध्या आवाजात म्हणाला. "ब्रेकवरून पाय उचला. उचला हो, साडूभाऊ. इंजिनला ओढू द्या."

मी गिअर पाडला. इंजिन ओरडलं. त्याने वाकून गुंडी मागे फिरवली. डबीला हाताने चालवायची एक पट्टी असते, ती तो अंगठ्याने अलगद सरकवत राहिला. जरा लावी, सोडी, चाकांना निवायला वेळ देई, पुन्हा जरा लावी. गाईचं दूध काढावं तसं. हळूहळू मागचं घर शहाण्यासारखं चालू लागलं.

माझ्या कानाशी येऊन त्याने विचारलं, "लेव्हल करताना ट्रेलर जोडला होता का?"

नव्हता. ट्रेलर जोडला की वॅगनची मागची बाजू दबते, नाक वर जातं, आणि डबी मागे कलते. सपाटीवर लंबक झोपला तो त्यामुळे. माझे पूल उभे आहेत, पण एवढी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

"काय झालं हो?" मागून अण्णांनी विचारलं.

"काही नाही अण्णा," साडू मोठ्याने म्हणाला. "घाटात असं होतंच. यांनी बरोबर सांभाळली."

त्या क्षणी मला दाराबाहेर उडी मारावीशी वाटली.

घाट संपल्यावर थांबायची जागा होती, लाकडी टेबलं वगैरे. बायका ट्रेलरमध्ये शिरल्या. आतून "अगं बाई, कूट बघ गं!" असे आवाज यायला लागले. दाण्याचं कूट, तिखट आणि पोरांचे मोजे यांची मिसळ झाली होती. साडू चाकांजवळ हात धरून ती किती तापलीत ते बघत होता. अण्णांनी मला खुणेने टेबलाशी बोलावलं.

"थोरले, एक सांगायचंय. मुलींना सांगू नका."

मी बसलो. पळ्यांचा हिशोब आता होणार, असं वाटलं.

"त्या दिवशी आमटी सांडली नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे सांडली थोडी. बाकीची मी प्यालो." अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. "पहिल्या फेरीला हातही लावला नाही. तपासनीस आहे मी. पण दुसऱ्या फेरीला तुम्ही पातेलं काठोकाठ भरलंत, आणि माझ्याकडे बघून हसलात. मी समजलो. म्हटलं, या घरात एका माणसाला तरी माझी दया आली. कपाटातली वाटी घेतली. गाडी हलत होती, कमरेने ओट्याला टेकून उभा राहिलो. दोन वाट्या. मीठ काय सुंदर पडलं होतं हो!"

मी टेबलाच्या फळीवरची माती नखाने खरवडत राहिलो.

"माप मी खोटं सांगितलं नाही," ते घाईघाईने म्हणाले. "दोन इंच म्हणजे दोन इंचच. कुठे गेले ते कुणी विचारलं नाही." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "पूल तुमचा मला कळला नाही. पण माणसाची भूक तुम्हाला कळते. ते मोठं आहे."

तेव्हाच बोलायला हवं होतं. अण्णा, ती आमटी तुमच्यासाठी नव्हती, धाकट्याला पाडण्यासाठी होती. वाक्य तोंडाशी तयार होतं. पण लग्न झाल्यापासून ज्या एका माणसाच्या तोंडून बरा शब्द ऐकायची वाट बघत होतो, तो शब्द नुकताच ऐकला होता. मी म्हटलं, "त्यात काय अण्णा." आणि वर हसलोही.

निदान दुसरं काहीतरी करावं म्हणून उठलो आणि साडूकडे गेलो. "तुमची डबी परत केलीत?"

"राहिलं. पलंगाखाली आहे." तो ओशाळला. "का?"

"लावा. आणि गाडी तुम्ही घ्या. माझे डोळे दुखतायत."

त्याने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. ते दुखत नव्हते हे त्याला दिसलं असणार. पण खोकं आणायला तो जवळजवळ पळत गेला.

अण्णा पुढे त्याच्या शेजारी बसले. टायमर खरोखर लोण्यासारखा चालला. थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, "हरलेली वस्तू बरी चालतेय."

"मग निकाल बदला की अण्णा," मागून मेहुणी म्हणाली.

"निकाल बदलत नसतो," अण्णा म्हणाले, आणि आरशातून माझ्याकडे बघून डोळा मारला. शाळा तपासनिसाने डोळा मारलेला मी तो पहिला आणि शेवटचा पाहिला.

पुढे एका वळणानंतर, रस्त्यावरून नजर न काढता साडू म्हणाला, "अण्णा, माझी नोकरी गेलीय. मार्चमध्येच." मेहुणीने माझ्या बायकोचा हात घट्ट धरलेला मला दिसला. अण्णांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "टायची गाठ आवळून आवळून मानेला वळ पडलाय तुमच्या. कोलोरॅडोत तरी काढून ठेवा." आणि खिशातून सुपारी काढून त्याला दिली.

पुढच्या वर्षी साडूला दुसऱ्या राज्यात नोकरी लागली. ट्रेलर माझ्याकडे राहिला. अण्णा भारतातून पत्र लिहीत, त्यात शेवटी माझ्यासाठी एक ओळ असे, थोरल्यांना विशेष आशीर्वाद. विशेष का, ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. म्हणजे त्यांना वाटे तसं. ते होते तोवर मी बोललो नाही. माझा भाव राहावा म्हणून की त्यांचा समज राहावा म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही.

अण्णा गेल्यावर साडूचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "मला नेहमी सांगायचे, साडूंकडून शिका, माणसाची भूक कशी ओळखायची ते. कशावरून म्हणायचे कोण जाणे."

मग मी सगळं सांगितलं. पळ्या, हसू, वाट्या. त्याच्या बायकोने माझ्याकडे काय मागितलं होतं, तेही.

"म्हणजे," तो म्हणाला, "टायमर हरला नव्हता."

"जिंकलाही नव्हता. परीक्षकच पेपर प्यायला."

"साडूभाऊ, तुम्ही महाबिलंदर आहात."

"हो."

"ट्रेलर आहे अजून?"

"मागच्या अंगणात. टायर बसलेत."

"हवा भरून ठेवा. दोन्ही डब्या शोधा. सुट्टीत येतो. आणि पातेलं मी भरणार, तुम्ही ट्रेलरजवळ फिरकायचं नाही."

फोन ठेवला तर बायको दारात उभी होती. तिने किती ऐकलं होतं कळेना. बहुतेक सगळंच. मी आता तिच्या तोंडून काय ऐकावं लागणार याची वाट बघत राहिलो. ती सिंकपाशी गेली, नळ सोडला, बंद केला.

"आमटी करीन मी," ती म्हणाली. "चिंचगुळाचीच. पण पट्टी घेऊन आत उभं कोण राहणार?"